आहेराची डिक्शनरी

आमच्या घरात कपाटं तीन. त्यातलं दीड कपाट अशा साड्यांचं आहे, ज्या या घरात कुणीही, कधीही नेसणार नाही. या आहेराच्या साड्या. त्या कुणाच्या तरी लग्नात येतात, कपाटात वर्ष-दोन वर्षं मुक्काम करतात आणि पुढच्या लग्नात तिसऱ्याच घरी जातात. तिथंही त्यांची घडी कुणी मोडत नाही. मंगळवार पेठेतून निघालेली एक जांभळी साडी हातकणंगल्यापर्यंत जाऊन, तिथली दोन बारशी आणि एक डोहाळजेवण उरकून पुन्हा आमच्याच गल्लीत आलेली मी स्वतः पाहिली आहे. तिचा प्रवास माझ्यापेक्षा जास्त झाला होता.

या सगळ्या व्यवहाराचा नियम एकच. साडी कुणालाही द्यावी, फक्त जिनं दिली तिला परत देऊ नये. त्यासाठी प्रत्येक घरात प्रत्येक साडीला टाचणीनं चिठ्ठी लावलेली असते. 'थोरल्या जावेकडून, बारशात.' 'शेजारच्या काकूंकडून, वास्तुशांत.' चिठ्ठी शाबूत तर नाती शाबूत. बाकी प्रेम, माया वगैरे गोष्टी भाषणापुरत्या असतात असं माझं पस्तीस वर्षं शाळेत शिकवून आणि त्याहून जास्त वर्षं सासर सांभाळून झालेलं मत आहे.

तर सहा वर्षांपूर्वी, मुलाच्या लग्नात, मी माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला तिनंच दिलेली साडी परत दिली.

आक्का बिद्रीच्या पुढं एका गावात असते. ती कुणालाही साडी देते तेव्हा पदराच्या कोपऱ्यात आतल्या बाजूनं तांबड्या दोऱ्याची बारीक गाठ मारते. नवीन वस्तूला नजर लागू नये म्हणून. साडी पहिल्यांदा नेसली की नेसणारीनं ती गाठ तोडायची. लग्नाहून घरी जाऊन तिनं मी दिलेली साडी उलगडली आणि पदराला तिला स्वतःचीच गाठ दिसली. चारच दिवसांनी गावाकडून येणाऱ्या एका पाहुण्याच्या हाती ती साडी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या दारात आली. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. त्यानंतर आक्का आमच्या घराची पायरी चढली नाही. दुसऱ्यांच्या लग्नात भेटायची, पण मी ज्या रांगेत बसेन त्याच्या पलीकडच्या रांगेत बसायची.

मी सगळ्यांना सांगत राहिले, की गर्दीत चिठ्ठी पडली, अशी चूक कुणाकडूनही होते. आणि पुढं हेही सांगत राहिले, की माझ्या मनात आता काही नाही, मी सगळं विसरलेय. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं की ते मला खरं वाटायला लागलं.

मी निवृत्त झाल्यावर 'निवृत्त माणसानं मेंदू चालता ठेवावा' असं आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. स्वतःचा मेंदू चालता ठेवायला ते वर्तमानपत्रच वाचतात, त्यामुळे नवीन काही शिकायची जबाबदारी माझ्यावर आली. राजारामपुरीत एक कॉम्प्युटरचा क्लास आहे. तिथं पायथन शिकवतात. ही भाषा इतकी सोपी आहे की कुणालाही येते, असं बाहेरच्या फलकावर लिहिलं होतं. 'कुणालाही' या शब्दात मी बसत होते, म्हणून नाव घातलं.

वर्गात सगळे पुण्याला नोकरीला जायला निघालेले, आणि मी. शिकवायला एक तरुण मॅडम. पहिल्या दिवशी त्या मला पाहून हसल्या, तेव्हा मला ओळख पटली. सातवीत असताना, गृहपाठ न केल्याबद्दल, मी हिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. तिनं त्याचा सूड अतिशय सभ्यपणे घेतला. प्रत्येक चुकीनंतर ती फक्त म्हणायची, "असू दे बाई, होतंय असं." वर्गाबाहेर उभं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात डिक्शनरी आली. ही इंग्रजी शब्दांची डिक्शनरी नव्हे. यात एका बाजूला एक किल्ली असते आणि त्या किल्लीला बांधलेली एक माहिती असते. किल्ली सांगितली की माहिती समोर येते. मॅडमनी हजेरीपटाचं उदाहरण दिलं. नंबर सांगा, नाव मिळेल. बाकीच्यांनी हजेरीपट उतरवून घेतला. मला मात्र समोर दीड कपाट दिसत होतं. साडीचा नंबर सांगा, देणारीचं नाव मिळेल. टाचणी नाही, चिठ्ठी नाही, पडण्याचा प्रश्न नाही.

याला निमित्तही तसंच होतं. मुलीचं लग्न ठरलं होतं. आणि लेकीनं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं, की पहिली हळद मावशी लावणार, नाहीतर हळदीचा कार्यक्रमच नको. शाळेला सुट्टी लागली की हिला मी आक्काकडे पाठवायची. हिच्या वेण्या घातल्या तिनं, पोहायला शिकवलं तिनं. मी तेव्हा पेपर तपासत होते. त्यामुळे लेकीचा हट्ट मला मोडता येत नव्हता, आणि आक्काकडे जाऊन काय तोंडानं बोलवायचं हेही कळत नव्हतं. मी ठरवलं, या लग्नात आहेराची एकही चूक होऊ द्यायची नाही. तशी बिनचूक यादी हातात आली की मग आक्काच्या दारात जाईन आणि सांगेन, की बघ, आता माझ्या हातून तसलं काही होणार नाही. सहा वर्षांच्या अबोल्यावर मी कॉम्प्युटरनं इलाज करायला निघाले होते. आज लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

रोज दुपारी काम सुरू झालं. हे खुर्चीत बसून चिठ्ठ्या वाचायचे, अगदी बातम्या सांगितल्यासारख्या आवाजात. "नंबर चौदा. मोरपंखी. गगनबावड्याच्या मामींकडून. मुंजीत." मी टाइप करायची. टाइप झालं की हे ती चिठ्ठी काढून बादलीत टाकायचे आणि साडीला नंबराचा कागद लावायचे. ह्यांना घरात पसारा चालत नाही. दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली की ते स्वतः बादली घेऊन दारात हजर. सात दुपारी गेल्या आणि सत्तावन्न साड्या डिक्शनरीत गेल्या. उठताना दर वेळी मी सेव्हची ओळ चालवायची. ती ओळ मॅडमनी लिहून दिली होती. समोर जे असेल ते ती जुन्या फाइलवर लिहून टाकायची. पस्तीस वर्षं मुलांना टापटीप शिकवलेली बाई मी, एक दिवस ती ओळ चुकवली नाही.

आठव्या दिवशी दुसरी यादी करायची होती. कुठली साडी कुणाला जाणार, याची. त्यासाठी मला एक कोरी डिक्शनरी हवी होती. कोरी कशी मागतात ते मॅडमनी शिकवलं होतं, पण त्या तासाला मी मंगल कार्यालयाच्या मॅनेजरशी फोनवर भांडत जिन्यात उभी होते. मग मी शिक्षिकेच्या डोक्यानं विचार केला. शाळेत जुन्या वह्या फुकट जाऊ द्यायच्या नसतात. आपण त्या खोडून वापरायचो. तेव्हा भरलेल्या यादीचीच एक नक्कल काढू, आणि नक्कल पुसून घेऊ. 'कोणाला' असं नवं नाव लिहिलं, बरोबरचं चिन्ह टाकलं, पुढं 'साड्या' हे जुनं नाव लिहिलं. झाली नक्कल. मग 'कोणाला' या नावापुढं टिंब देऊन क्लिअर लिहिलं आणि गोल कंस उघडून मिटला. यादी रिकामी आहे का बघितलं. रिकामी होती. मला आनंद झाला. त्याच आनंदात सेव्हची ओळ चालवली आणि ह्यांच्यासाठी चहा टाकायला उठले.

चहा पिऊन आल्यावर चौदा नंबर विचारला. उत्तर आलं, असली किल्ली नाही. सत्तावीस विचारला. नाही. एक विचारला. तोही नाही. साड्यांची मूळ यादीसुद्धा नकलेइतकीच स्वच्छ झाली होती.

धावत क्लासला गेले. रिक्षात बसल्या बसल्या मी मॅडमवर काय काय ओरडायचं ते ठरवलं होतं. मॅडमनी माझा लॅपटॉप पाहिला, सगळ्या ओळी वरपासून वाचल्या आणि म्हणाल्या, "असू दे बाई."

"असू दे काय असू दे. मी नक्कल पुसली. मूळ कसं पुसलं गेलं?"

"नक्कल झालीच नव्हती की. वही एकच. तुम्ही तिच्यावर दुसरं लेबल चिकटवलं फक्त. ह्या नावानं हाक मारा नाहीतर त्या, वही तीच येणार. तुम्ही पुसली, तवा दोन्हीकडं पुसली."

"मग कोरी कशी मागायची होती?"

"नाव लिहायचं, बरोबर करायचं आणि पुढं रिकामा महिरपी कंस. मग त्या नावाला नवीन कोरी वही मिळती. जुनीला धक्का लागत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात जुनी असेल, तर त्याच्याकडं ती हाय तशी भरलेलीच राहती. क्लिअरचं तसं नाही, बाई. क्लिअर त्याच वहीत शिरतं. मग ती जेवढ्यांच्या हातात हाय, तेवढ्या सगळ्यांची कोरी होती."

मी विचारलं, चिठ्ठ्यांशिवाय काही परत मिळेल का. ती म्हणाली, चिठ्ठ्या कुठं आहेत? मी म्हटलं, घंटागाडीत. यावर 'होतंय असं' म्हणायचं तिनं टाळलं, एवढी माणुसकी तिच्यात होती.

लग्नाला बारा दिवस राहिले होते. पलंगावर सत्तावन्न साड्या, प्रत्येकीवर ह्यांच्या वळणदार अक्षरातला नंबर, आणि त्या नंबराचा अर्थ पृथ्वीवर कुणालाच माहीत नाही. पूर्वी एका साडीची चिठ्ठी हरवली होती तर सहा वर्षं बहीण बोलत नव्हती. आता सत्तावन्न. मी हिशेब केला, सगळं गणगोत एका दुपारीत उरकत होतं. ह्यांनी सुचवलं, की सगळ्यांना नव्या घेऊन टाकू. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते वर्तमानपत्राकडे वळले. नव्या घेतल्या तर या सत्तावन्नांचं काय करायचं? त्या नेसायच्या?

कोणत्या साडीचा जन्म कुठं झाला आणि ती कुणाकुणाच्या घरी राहून आली, हे न बघता सांगू शकेल असं आमच्या नात्यात एकच माणूस आहे. ती एकदा पाहिलेली साडी विसरत नाही. आणि, हे मी सांगायला नको, ती काहीच विसरत नाही.

तीनदा नंबर लावून कापला. चौथ्यांदा उचलला गेला.

"आक्का, मी बोलते."

"कळालं की. नाव येतंय फोनवर."

मी सगळं सांगितलं. डिक्शनरी, नक्कल, क्लिअर, घंटागाडी. पलीकडून फक्त म्हशीचं रेकणं ऐकू आलं. मला वाटलं, फोन तसाच ठेवून ती गोठ्यात गेली.

"म्हंजे सगळ्याच साड्यांच्या चिठ्ठ्या गेल्या म्हन की."

"हो."

"मशिनीनं केलं?"

"मीच केलं."

"बरं. उद्या येतो. साड्यांसाठनं येतो, तुझ्यासाठनं न्हाय. ध्यानात ठेव."

आमच्याकडं बायकाही 'येतो' म्हणतात. मीही म्हणायची. बी.एड. झाल्यावर 'येते' म्हणायला लागले, त्यावरूनही आक्कानं एकदा मला ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली, ती तासभर उशिरा. कारखान्याचं गाळप सुरू होतं आणि एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली होती. पायऱ्यांपाशी थांबली. मला वाटलं, आता परत फिरते. पण तिनं गुडघ्यावर हात ठेवला, एक सुस्कारा सोडला आणि चढून आली. ह्यांनी "या या" म्हणून खुर्ची पुढं केली. ती थेट पलंगावर, साड्यांच्या मध्ये जाऊन बसली.

मग मी जे पाहिलं ते कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. ती साडी उचलायची, काठावरून अंगठा फिरवायची आणि बोलायची. "ही गगनबावड्याच्या मामीची. तिच्या घरात पावसाळाभर कापडाला वास येतोय, अजून गेला न्हाय बघ." "ही तुझ्या जावेची. तिला तिच्या भावजयीनं दिल्ती, ती नेसली न्हाय, तुला दिली." "ही इरकल तुझ्या विहीणबाईंची. चांगली हाय. ही कुनाला देऊ नको, लेकीला ठेव." हे बाजूला बसून नंबर सांगत होते आणि मी टाइप करत होते. या वेळी यादी आधी कागदावर, मग लॅपटॉपवर. एकदाच ती अडखळली, बावन्न नंबरापाशी. मग वास घेतला आणि म्हणाली, "नर्सबाईची. दवाखान्याचा वास हाय." बरोबर होतं. मला आठवलं.

सत्तावन्न संपल्या. चहा झाला. हे मुद्दाम फोन आल्याचं नाटक करून गच्चीवर गेले. आक्कानं पदर सारखा केला आणि कपाटाकडे बघून विचारलं, "झाल्या सगळ्या?"

"हो."

"खालच्या खणात वर्तमानपत्रात काय हाय?"

सहा वर्षांत ते पुडकं मी उघडलं नव्हतं. डिक्शनरीतही त्याला नंबर दिला नव्हता. मी ते काढून तिच्यासमोर ठेवलं. पोपटी साडी, डाळिंबी काठ. पदराच्या कोपऱ्यात तांबडी गाठ.

मी सवयीनं तोंड उघडलं. आक्का, झालं गेलं विसरून जा, माझ्या मनात काही नाही, हेच वाक्य ओठांवर आलं होतं. आणि मला मॅडमचा महिरपी कंस आठवला. सहा वर्षं मी हेच करत आले होते. दर लग्नात, दर पाहुण्यापुढं, स्वतःपुरती एक नवी कोरी वही घेऊन मिरवत होते. जुनी वही भरलेलीच्या भरलेली बिद्रीच्या पुढं एका घरात पडून होती, आणि तिला मी एकदाही हात लावला नव्हता.

"आक्का, चिठ्ठी पडली नव्हती," मी म्हटलं. "मी चिठ्ठी लावलीच नव्हती. तू साडी दिलीस त्याच दिवशी मी ती आहेराच्या कपाटात टाकली. रंग भडक वाटला. शाळेतल्या बायका हसतील असं वाटलं. मग कुणाची ते माझंच मी विसरले."

आक्का पुडक्याच्या वर्तमानपत्राची घडी घालू लागली. मला हुंदका आला, आणि मी तो आवरला नाही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "साडी परत आली म्हनून एवढा राग न्हवता गं. आहेराच्या साड्या फिरत्यातच. मी बी फिरवतो. पन तू गावभर चिठ्ठीचं सांगत सुटलीस. कुनी बी भेटलं की मला सांगायचं, तुझ्या भनीच्या हातनं चिठ्ठी पडली म्हनं. मी वाट बघत हुतो, माझ्यापाशी येऊन खरं कवा सांगतीस. सहा वर्सं झाली."

मी उठले. घरातला गाऊन अंगावर होता, साडीला फॉल नव्हता, जुळणारा ब्लाउज नव्हता. तशीच, गाऊनवरून, ती पोपटी साडी नेसायला घेतली. सहा वर्षांची घडी मोडताना तिचा करकर आवाज झाला. निऱ्या मला जमेनात. आक्का पुढं झाली, तिनं निऱ्या घातल्या, खोचल्या, आणि लहानपणी परकर नेसवताना मारायची तशी पोटावर एक चापट मारून मला सरळ उभं केलं. मग पदराचा कोपरा तोंडाशी नेला आणि तांबडी गाठ दातानं तोडली.

आरशात मी बघितलं. रंग भडकच होता.

"हळदीला हीच नेस," आक्का म्हणाली. "मी पोरीला हळद लावणार, तवा शेजारी हुबारायचं हाय तुला."

मी मान हलवली. मग हात रिकामे ठेववेनात म्हणून लॅपटॉप पुढं ओढला आणि सवयीनं अठ्ठावन्न हा आकडा टाइप केला. आक्कानं चष्मा वर करून पडद्याकडे बघितलं.

"काय लिवतीस?"

"ही साडी. तुझं नाव घालते."

"खोड ते," ती म्हणाली. "ही कुठं जायाची न्हाय."